दोन अंश

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा चारवर येतो
आणि कोहरा वॉर्डाच्या काचेला गाल लावून उभा राहतो.
धुकं म्हणत नाही आम्ही त्याला. चार पिढ्या इथे गेल्या,
शब्दही इथलेच झाले.

खाट नंबर सात. ट्रेझरीतले ढवळे बाबू.
चाळीस वर्षं डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी,
आता तो गालच नाही.
तिथे मांडीची कातडी, बारा तास खपून बसवलेली,
केसाहून बारीक टाक्यांनी गळ्यातल्या धमनीला जोडलेली.
मांडीवरून गालावर बदली.
ऑर्डर निघाली आहे, अजून रुजू व्हायची आहे.

दर तासाला मी जाते.
हीटर लांब सरकवते, दिव्याचं तोंड भिंतीकडे फिरवते,
उसनी ऊब कॅमेऱ्याला चकवते म्हणून.
मग पडद्यावर बघते:
कपाळ पिवळं, डोळ्यांचे कोपरे केशरी,
नाकाचं टोक निळं. या थंडीत नाक सगळ्यांचंच निळं, माझंही.
आणि गालावर तो लांबट तुकडा
पिकत आलेल्या पपईच्या फोडीसारखा.
ठीक. आकडा लिहिते. सही.

कुमुदताई दाराशी विचारतात,
"सिस्टर, आत्ता कुठल्या रंगाचे आहेत हे?"
गालाला हात लावायचा नाही, असं बजावलंय त्यांना.
गरम पाण्याची पिशवी आणली होती, तीही मी परत पाठवली.
म्हणाल्या, "बेचाळीस वर्षांत
चारचौघांत यांच्या गालाला हात लावलाय कुणी?
आता लावावासा वाटतो, तर तुमचा नियम."

तिसरी रात्र, पावणेतीन.
फोडीच्या खालच्या काठाला जांभळी रेघ.
डोळ्यांनी पाहिलं, गुलाबी.
बोटाने दाबलं, रंग परत आला.
पुन्हा कॅमेरा धरला:
शेजारच्या कातडीहून दोन अंश कमी.

दोन अंश म्हणजे किती?
चहात एवढा फरक जिभेलाही कळत नाही.
बाहेर चार असताना, दोनासाठी
कुणाला रजाईतून उठवायचं?
आणि काही नसलंच तर
सकाळच्या राउंडला सगळे हसणार.

फोन लावला.
डॉक्टर रैकवार म्हणाले, "रंग?"
"डोळ्याला गुलाबी. कॅमेऱ्याला नाही."
ते गप्प. मग कपाट उघडल्याचा आवाज,
चाव्यांचा आवाज.
वीस मिनिटांनी आले तेव्हा
मफलरवर, भुवयांवर कोहऱ्याचे थेंब होते.

मोहरीएवढी गुठळी निघाली.

दुपारी ढवळे बाबू पुन्हा सातवर.
बोलायची मनाई, हाताशी पाटी.
डाव्या हाताला सलाईन, उजव्याने लिहिलं,
ट्रेझरीतलं तेच वळणदार अक्षर:
रुजू?
मी म्हटलं, "प्रोबेशनवर."
उजवा अर्धा चेहरा हसला.

संध्याकाळी पाचची नोंद घ्यायला कॅमेरा सुरू केला,
तर चादरीवर, त्यांच्या गालापासून चार बोटं अलीकडे,
एक तळवा.
केशरी, पाचही बोटं, बांगडीची पुसट कड.
ताई तर खिडकीशी,
पाठ माझ्याकडे, दुलईची घडी घालत.

मी थांबले.
आधी बोटांची टोकं गेली,
मग अंगठा,
मनगटाकडची जागा बराच वेळ राहिली.

मग कॅमेरा गालाकडे वळवला.
चौतीस पॉइंट एक.