डावं उजवीकडे

एकतीस वर्षं परळच्या कॉलेजात, विच्छेदनाच्या हॉलमध्ये,
बादलीतून मेंदू काढून टेबलावर ठेवणं हे माझं काम.
फॉर्मलिननं घट्ट झालेला, गार खरवसासारखा.
तेराशे ग्रॅम. कोणाचाही घ्या, थोड्या फरकानं तेवढाच,
बंगल्यातला, फुटपाथवरला.

पोरं विचारायची, धुरीमामा, लहान मेंदू कुठला?
मागं बघ, म्हणायचो, कोबी चिरल्यासारखा दिसतो तो.
माणसाचा तोल त्याच्याकडे.
दारुडा झोकांड्या खातो, कारण आधी हाच झिंगतो.
खाली देठ. जपून, श्वास तिथून चालतो.
चालायचा.
आणि आत, खोल, दोन्ही बाजूंना एकेक समुद्रघोडा,
आठवणी त्याच्या स्वाधीन.
आमच्या देवगडला जाळ्यात यायचे तसलेच, शेपटी वळवलेले.

पुस्तक मी वाचलेलं नाही. पण परीक्षेत
बाहेरचे सर मान वळवायचे तेव्हा
नुसत्या डोळ्यांनी किती जणांना पास केलंय.

सुलभानं कधी विचारलं नाही तिथं काय करतोस.
घरी आलो की दारातच हातावर अर्धं लिंबू,
आधी हे चोळ, मग माठाला शिव.

त्या मंगळवारी तिच्या उजव्या हातातून
आगळाची बाटली निसटली. लाद्या लाल.

वॉर्डात नाझनीन डॉक्टरनं फिल्म दिव्यावर धरली.
हीच पोरगी पहिल्या दिवशी माझ्या बादलीशेजारी ओकली होती.
डाग बघितला, सुपारीएवढा, उजव्या अंगाला,
आणि मी म्हटलं, वाचलो, बोलणं डावीकडे असतं.
उजवा हात गेला म्हणजे बिघाड डावीकडे,
हे मीच शेकडो पोरांना सांगितलेलं.
त्या घडीला आठवलं नाही.
ती जरा गप्प राहिली.
मग म्हणाली, मामा, फिल्मवर डावं उजवीकडे दिसतं.

आता तहान लागली की ती पेल्याकडे बघते.
पेला म्हणता येत नाही. पाणी नाही. माझं नाव नाही,
तसं ते तिनं कधी घेतलंच नव्हतं,
उखाण्यात एकदा सोडून.
पण तिन्हीसांजेला दिवा लावला
की शुभंकरोति सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न अडखळता.
नाझनीन म्हणते, पाठ झालेलं निराळ्या वाटेनं येतं.
शिव्यासुद्धा.

रात्री तिची बोटं चोळत बसतो.
बोटातून खांदा, मानेतून मज्जारज्जू, देठापाशी ओलांडून पलीकडे,
ही वाट मी हजारदा उलगडून दाखवलीय.
चालू असलेली कधी बघितली नाही.

काल चहा उतू गेला. मी फडकं शोधत होतो.
मागून स्पष्ट, पूर्वीच्याच आवाजात:
"मेल्या!"

एकतीस वर्षं मेलेल्यांत उठबस केली,
कोणी कधी ओ दिली नाही.
मी दिली.