भिंतीच्या आतून

पहाटे चारला हावेल नमद्याचे जोडे चढवतो
आणि भिंतीत शिरतो.

दोन भिंतींच्या मधे हातभर रुंद बोळ.
इथे गिलावा नाही. विटा उघड्या,
तीन पिढ्यांचे खांदे घासून गुळगुळीत झालेल्या.
पलीकडे बत्तीस शेगड्या, चिनी मातीच्या,
माणसाहून उंच, सोनेरी कडांच्या,
आणि एकीलाही पुढून दार नाही.
सरपण मागून घालायचं.
आग कुठून येते हे पाहुण्यांना दिसता कामा नये;
ऊब घराण्याचीच वाटली पाहिजे,
रक्तातून आल्यासारखी.

आज्याच्या वेळी पलीकडे सगळंच वळत होतं म्हणे:
खांबांना पीळ, छताला ढग,
ढगांवर मांडी घालून सरकारांचे पूर्वज.
बापाच्या वेळी शिंपले, वेली, फिका गुलाबी रंग.
नव्या सूनबाईंना जड काही सोसवत नव्हतं.
आता पुन्हा सरळ रेघा.
कुणीतरी सांगितलं, रोम असंच होतं.
छिन्नीने उतरवलेले शिंपले बाहेर नेले हावेलनेच,
एकवीस खेपा.
एका पोत्यात गुबगुबीत देवदूताचं नाक सापडलं.
ते त्याने बोळातल्या कोनाड्यात ठेवलंय.

शैली बदलली की अलीकडे काय बदलतं?
शेगडीचं तोंड चार बोटं लहान झालं.
लाकूड आखूड तोडावं लागतं.
बस्स.

भिंतींना कान असतात म्हणतात.
असतात. दोन. डावा जरा बहिरा.
गेल्या गुरुवारी निळ्या दालनात
पत्ते पिसता पिसता ठरलं,
गावाने वेठीचे दिवस तीनचे चार करावेत,
दर्शनी बाजूला सहा खांब हवेत म्हणून.
त्या खांबांवर भार काहीच येणार नाही.
नुसते उभे राहणार.
वेठीला जाणाऱ्यांत हावेलच्या बहिणीचा नवरा,
पाठीचा कणा आधीच वाकलेला.

आज निळ्या दालनाच्या शेगडीत
हावेलने थोडं ओलं लाकूड सारलं.
फार नाही, एक ओंडका.
पलीकडे कुणी खोकलं. खिडकी उघडा, म्हणालं.
नव्या पांढऱ्या छतावर बोटभर करडी रेघ उमटली असेल,
किंवा नसेलही.
त्याला कुठून दिसणार?

कोनाड्यातल्या नाकावरची काजळी
त्याने अंगठ्याने पुसली.
अजून एकोणीस शेगड्या बाकी होत्या.