पाव टाकी

बफेलोहून सॅक्रामेंटो, सव्वीसशे मैल.
ट्रकवाला म्हणतो, सोळाशे चाळीस डॉलर,
उघड्या ट्रकवरून, तारीख नक्की नाही,
गाडीत सामान नको, आणि पेट्रोल
पाव टाकीच्या वर नको.

गाडीची किंमत, गॅरेजवाल्या डेलच्या मते,
चांगल्या दिवशी अठराशे.
आज चांगला दिवस आहे का, ते त्यानं सांगितलं नाही.
गाडी वर उचलून खालून बॅटरी मारली,
स्क्रूड्रायव्हर टोचला. तो आत गेला.
चौदा हिवाळ्यांत रस्त्यावर टाकलेलं मीठ.
खाल्ल्या मिठाला जागली हो, मी म्हणाले.
डेलला कळलं नाही,
मराठीतच म्हणाले होते.

घरी हेरंबनं दोन रकाने आखले.
ट्रक, टायर, तिकडची धुराची चाचणी,
नवी नोंदणी, विमा.
मग पेन्सिल आडवी ठेवून म्हणाला,
चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.
मी म्हटलं, कोंबडी चौदा वर्षं अंडी देतेय,
तिला मसाल्याच्या हिशेबात कशाला धरतोस?

तो गप्प. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं,
आपणच चालवत नेली तर?
आणि दोघं नकाशावर वाकलो,
बोटानं नेब्रास्का ओलांडलासुद्धा.
वायोमिंगच्या चढावर त्याचं बोट थांबलं.
गिअरबॉक्स, म्हणाला,
आणि उठून चहा टाकला.

मला गाडी शिकायला त्रेचाळिसावं वर्ष उजाडलं.
बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये, रविवारी,
सीगल बघत असायचे, माना तिरक्या करून.
गाडी घरी आली तेव्हा चाकाखाली ठेवलेलं लिंबू
गोठलं होतं, फुटलंच नाही,
टणकन उडून बर्फात गेलं.
हेरंब म्हणाला, अपशकुन.
मी म्हणाले, जानेवारी.
पुढे नोकरीच्या मुलाखतीची सगळी उत्तरं
मी हिच्या काचेला म्हणून दाखवली.
काच कधी हो म्हणाली नाही,
पण मध्ये बोललीही नाही.

सामान नको, म्हणून उपसायला घेतली.
एक हातमोजा, डाव्या हाताचा.
पावत्या, अक्षरं उडालेल्या.
सीटच्या फटीत कुठल्या तरी दिवाळीचा चिवडा,
त्यातला शेंगदाणा अजून खुटखुटीत.
मी तो खाल्ला. कुणाला सांगितलं नाही.

खालच्या मजल्यावरची नॉ एह पॉ, मूळची म्यानमारची,
वृद्धाश्रमात रात्रपाळी करते,
दोन बस, मध्ये चाळीस मिनिटं उघड्यावर.
पायऱ्यांवर भेटली. बाराशे देते म्हणाली.
मी म्हटलं, नऊशे.
घासाघीस दोघींच्याही हाडात मुरलेली,
पण या दिशेनं कधी केली नव्हती.
शेवटी हजारावर येऊन हसलो.

मग तिला सांगत बसले :
मागचं डावं दार आतून उघडत नाही.
हीटर तीनवर ठेव, दोनवर नुसता आवाज येतो.
कडाक्याच्या थंडीत पहिली किल्ली वाया जाते,
दुसरीला उठते, रागावू नकोस.
आणि डेलनं टोचलेली जागाही दाखवली.
ती गुडघ्यांवर बसली, बोट घालून बघितलं,
विचारलं, आणखी किती हिवाळे?
एक नक्की, मी म्हटलं. दुसऱ्याचं माहीत नाही.
एक पुरे, ती म्हणाली. पुढचं पुढे.

नंबरपाटी इथल्या सरकारला परत करायची असते.
स्क्रू हलेनात. हेरंबनं तेल सोडलं,
मी दात खाऊन पिळला, आणि तळहातावर
चिमूटभर तपकिरीसारखा गंज पडला.
झटकला नाही लगेच.

नॉ एह पॉनं गाडी सुरू केली,
काटा बघितला, खिडकीतून मान बाहेर काढली.
टाकी मी आदल्या रात्रीच भरली होती, काठोकाठ.
हेरंब म्हणाला, हे कुठल्या रकान्यात घालू?
मी पाटी पिशवीत घातली.