पाच जणांसाठी टेबल

पहाटेचे पावणेसहा. अंगावर रात्रीच्या पाळीचाच एप्रन.
स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलेय.
बाहेर टोलीडो बर्फाखाली,
खिडकीची काच आतून घामेजलेली.
सहाला फ्लोरिडातली टेबलं खुली होतात,
बरोबर साठ दिवस आधी,
आणि दहा मिनिटांत संपतात म्हणे.
साठ दिवसांनी मंगळवारी आम्हाला कशाची भूक लागेल
हे मला आत्ता सांगायचंय.

वेंडेल घोरतोय. त्याचं मत त्यानं रात्रीच दिलं:
जिथे भाजलेल्या बरगड्या मिळतात तिथे.
मार्सीला चाच्यांच्या गलबतातच जेवायचंय,
गलबतात फक्त मासे मिळतात,
मार्सी मासे खात नाही.
एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात;
आमच्या टोबिनला त्यातला सातवा हिस्साही चालत नाही,
घसा सुजतो, मग इंजेक्शन, मग सायरन.
बर्नडीन, माझ्या सासूबाई,
यांना पाचच्या ठोक्याला सूप,
एसीचा झोत मानेवर नको
आणि कुठलंही अस्वल मिठी मारायला येता कामा नये.

एकवीस वर्षं हमरस्त्यावरच्या हॉटेलात ताटं वाहतेय मी.
मेनू मला माणसाच्या चेहऱ्यासारखा वाचता येतो.
'आजचं सूप' म्हणजे कालचं.
'शेफची खासियत' म्हणजे आज खपलं नाही तर उद्या टाकावं लागेल असं काहीतरी.
'मुलाबाळांसह या' म्हणजे टेबलाखाली चिरडलेले फ्राइज
आणि ते खरवडणारी कुणीतरी,
जिचे गुडघे माझ्यासारखेच बोलतात.

किल्ल्यातलं जेवण माणशी पासष्ट डॉलर.
राजकन्या येते, हात हलवते, जाते.
पासष्ट म्हणजे माझ्या मंगळवारच्या अख्ख्या पाळीची टीप,
तीही फुटबॉलचा सामना असेल तर.
गुणिले पाच.
गुणाकार मी पाकिटाच्या मागे केला
आणि पाकीट उलटं ठेवलं.

सँडविच नेता येतील की, बर्नडीन म्हणाल्या.
येतील. गेल्या उन्हाळ्यात तळ्यावर नेलीच होती.
मीच लावली, मीच वाटली,
वाऱ्यानं उडालेले कागद मीच धावून गोळा केले.
घरी आल्यावर सगळे म्हणाले, काय मस्त सुट्टी झाली!

पाच अठ्ठावन्न.
इथे निवडायला चौकोन आहेत:
इटालियन, मेक्सिकन, आतषबाजी दिसणारं, बुफे.
बुफे नको. बुफेत आया उभ्याच असतात.
असा चौकोन मात्र नाही,
जिथे कुणीतरी वहीवर पेन टेकवून विचारेल,
"आणि तुम्ही? तुम्ही काय घेणार?"
आणि उत्तराची वाट बघेल.

सहा.
चाक फिरतं, फिरत राहतं.
किल्ला गेला.
गलबत रात्री नऊ दहाला आहे;
तोवर मार्सी वेंडेलच्या खांद्यावर लाळ गाळत असेल.
बरगड्या गेल्या.
खाली, अगदी खाली, तळ्याच्या मागच्या अंगाला
एक हॉटेल, ज्याचा फोटोही धड नाही,
अर्ध्यात खांब आलाय.
पण फोटोच्या कडेला, चौकटीत अर्धीच मावलेली,
एक वेट्रेस. डाव्या हातावर चार ताटं,
भार उजव्या पायावर, जसा घ्यावा तसा,
आणि नजर ताटांवर नाही,
कुठल्याशा टेबलावरच्या पोराच्या पेल्यावर,
जो आता सांडणार आहे.

या बाईवर माझा विश्वास बसला.
मंगळवार, दुपारी चार पंचावन्न, पाच जण.

'काही विशेष विनंती?'
तीळ नको, लिहिलं. पुन्हा लिहिलं, ठळक.
आजीसाठी हाताची खुर्ची, एसीपासून लांब.
कर्सर लुकलुकत राहिला.
मग लिहिलं, खोडलं, परत लिहिलं:
एक जागा भिंतीकडची द्या, अगदी आतली,
जिथून मला पटकन उठता येणार नाही.

पाठवलं.
रस्त्यावर बर्फ काढणारी गाडी खरखरत गेली.
सातची पाळी आहे. बूट अजून ओलेच आहेत.