बॅटरी संपत आल्याचा आवाज

आता पुरे, असं इर्या म्हणाली होती
मागच्या उन्हाळ्यात, पुल्लाच्या मोडक्या पंखाचं बिल भरताना.
दोन पक्षी, दोन म्हातारे. हिशेब जमतो.
आणि जानेवारीत, उणे एकतीस असताना,
तीच गाडी तापवून आत बसलेली,
मांडीवर जुनी रजई, रजईत गरम पाण्याची बाटली.
"नुसतं बघून येऊ."

नुसतं बघायला कुणी रजई नेतं?

निपिगॉनला, एका बाईच्या मागच्या खोलीत,
राखाडी. शेपूट लाल.
छातीवर एक पीस नाही, सगळी स्वतःच उपटलेली.
कागदावर चार नावं, तीन खोडलेली:
प्रिन्सेस, डेक्स्टर, मिस्टर ग्रे,
आणि शेवटचं नुसतं 'पोपट'.
वय एकोणीस, अंदाजे.
घरं का सुटली, त्या रकान्यात काही नाही.
चावतो, असं बाई म्हणाली.
चावला.

चाळीस दिवस वेगळा ठेवा, डॉक्टरीणबाईंनी बजावलं.
म्हणून सौनाबाहेरची कपडे बदलायची खोली त्याला.
सौना बंद.
फिनिश माणसानं पोपटासाठी सौना विझवला,
बाप थडग्यात उठून बसला असेल.
रोज हात धुऊन, शर्ट बदलून मी वर यायचो
तरी ऊर्हो हिरवी मान वाकडी करून बघायचा,
परक्या घरी जेवून आलोय जसा.

तिसऱ्या रात्री: टीप्.
धुराचा अलार्म, बॅटरी संपत आली की करतो तसा.
शिडी आणली. बॅटरी बदलली.
टीप्.
जिन्यातली बदलली, तळघरातली बदलली.
टीप्.
पहाटे चारला टॉर्च घेऊन खाली गेलो.
त्यानं माझ्याकडे एका डोळ्यानं पाहिलं,
चोच जेमतेम उघडली,
टीप्.

इर्या इतकी हसली की पायरीवर बसावं लागलं.
मग हसायची थांबली.
"किती दिवस वाजत असेल रे,
याला पाठ होईपर्यंत?"

पोपटपंची म्हणतात, अर्थ न कळता बोलणं.
याला अर्थ कळला नसेल, कबूल.
पण कुठल्यातरी घरात, दर मिनिटाला,
त्याच्याशी बोलणारं तेवढंच एक होतं,
आणि स्टूल घेऊन कुणी आलं नाही.

त्यानंतर तो वाजला की मी ओरडायचो, "आलो, आलो,"
आणि जायचो. एक बदाम. कधी नुसताच जायचो.
बोटावर दोन वण आहेत त्या दिवसांचे.

चाळीस दिवसांनी त्याला स्वयंपाकघरात आणला.
गळाभेट वगैरे काही झाली नाही.
ऊर्होनं मानेची पिसं फुलवून अक्रोड फेकून मारला,
पुल्लानं तिची अर्धी शीळ घातली, अर्धीच तिला येते.
पिंजऱ्यांतलं अंतर मी टेपनं मोजायचो:
चार फूट, साडेतीन,
मग भांडण, परत चार.
आता खिडकी एकच आहे, टोकं दोन.
दोघं एकाच वेळी तलावाकडे बघतात
आणि एकमेकांकडे बघत नाहीत.
आमच्या लग्नाची पहिली दोन वर्षं याहून बरी नव्हती.

मार्चअखेर, सुपीरियरवरचा बर्फ तडकायला लागला होता,
मी वाटाणे सोलत होतो.
टीप्, तो म्हणाला.
माझं तोंड उघडायच्या आत
माझ्याच आवाजात, सकाळच्या घशातल्या खरखरीसकट:
"आलो, आलो."
आणि मान खाली घालून दाणे टिपू लागला.

मी एक्काहत्तर. तो आणखी तीसेक वर्षं सहज जगेल.
ड्रॉवरमध्ये पाकीट आहे, भाचीच्या, तुइयाच्या नावे:
बदाम बिनमिठाचे, रात्री दिवा पूर्ण घालवू नये,
वजन दर रविवारी.
खाली इर्यानं पेन्सिलीनं लिहिलंय,
शिडी आणू नकोस. नुसती ओ दे.

त्याखाली मी एक शब्द जोडला:
चावतो.