अक्रोडाचे ओळंबे

वर्गाच्या खिडकीतून पाहिलं
की चर्चचा लाकडी मनोरा डावीकडे झुकलेला दिसायचा.
रोज दिसायचा. गणिताच्या तासाला जरा जास्तच.
इझा नदीच्या त्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, का ते:
खांब उभे करताना सुतार तोआदेर
प्यायलेला होता.
कुणी सांगितलं? सगळ्यांनीच.
गवळ्याने, पाद्रीबाबांच्या बहिणीने,
आणि माझ्या आजोबांनी, ज्यांचा जन्म
मनोऱ्यानंतर वीस वर्षांनी झाला.

तोआदेरची पणती इलिंका
माझ्या पुढच्या बाकावर बसायची.
'वाकडी' म्हणायचो आम्ही तिला.
मीही म्हणायचो.
तिच्या केसांचा भांग इतका सरळ असायचा
की आरशात दोनदा बघून पाडत असणार.

ऑक्टोबरात व्हियोरिकाबाई टोपलीभर अक्रोड घेऊन आल्या.
"गर तुमचा, टरफलं माझी," म्हणाल्या.
गर चघळत चघळत आम्ही
टरफलांत ओली माती भरली, मातीत सायकलचे जुने छर्रे,
दोन्ही अर्धुकं सरसाने जोडली,
मधून घरून आणलेला लोकरीचा दोरा.
पेत्रुत्सचा अक्रोड दोनदा उकलला.
माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली
ती रात्री जेवताना सुटली.

"ओळंबा खोटं बोलत नाही, म्हणतात," बाई म्हणाल्या.
"म्हणतात. म्हणून आधी ओळंबाच तपासा."
मग दोघं दोघं शेजारी उभे,
हिचा दोरा आणि त्याचा दोरा
एकमेकांशी जुळतात का बघत.
लोकर पिळवटायची, अक्रोड गरगरायचे.
"थांबा. डोलणं थांबू दे.
डोलताना तो ज्याला जे हवं ते सांगतो."

अंगणात गेलो. हात लांब, एक डोळा मिटलेला,
दोरा आणला मनोऱ्याच्या कडेवर.
कड आणि दोरा:
एकच रेघ.
पेत्रुत्स म्हणाला, माझा दोरा वाकडा आहे.
मी म्हणालो, वारा आहे.
(वारा नव्हता. शाळेच्या धुराड्यातला धूर
सरळ वर चालला होता.)

आत आल्यावर बाईंनी, एक शब्द न बोलता,
खिडकीच्या चौकटीवर खिळा ठोकला,
माझाच ओळंबा टांगला.
वर लाकडाला टेकलेला दोरा
खाली पोचेस्तोवर चार बोटं दूर.
चार बोटं. कान आणि डोळा यांत असतं म्हणतात,
तेवढंच.
आणि इथे तर डोळ्यांनीच,
पहिलीपासून, उघड्या डोळ्यांनी...

आम्ही सगळे इलिंकाकडे बघायला लागलो.
वाटलं हसेल. किंवा रडेल.
ती म्हणाली, "आपण एकाच बाजूने पाहिलं,"
आणि दोरा गुंडाळत एकटीच बाहेर गेली.
नदीच्या अंगाला उभी राहिली
हात लांब करून, बराच वेळ,
हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हाताचा टेकू देऊन.
परत आली. कान लाल.
"तिकडून एक बोट कललाय," म्हणाली. "नदीकडे.
पणजोबा प्यायले होते की जमीन खचली,
ते अक्रोडाला कळत नाही."

कुणी विचारलं नव्हतं तिला. नसतं सांगितलं तरी
चाललं असतं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं:
अंगणाकडून, सरळ.
नदीकडून, एक बोट.
खिडकी, चार बोटं.
मग लिहिलं 'तोआदेर'
आणि पुढची जागा कोरी सोडली.
दुसऱ्या दिवशीचं गणित त्या कोऱ्या जागेला वळसा घालून
मांडलं त्यांनी.

घरी आजोबांना सांगितलं.
अक्रोड किडका असेल, म्हणाले.
खोऱ्यात अजूनही ती गोष्ट सांगतात,
आता तर त्यात तोआदेरच्या हातातली बाटलीसुद्धा असते,
तिचा रंगही.

इलिंकाची मी त्यानंतर माफी मागितली.
पुलावर, संध्याकाळी.
असं मला चांगलं आठवतं,
पण तेव्हा तिथे तिसरं कुणी नव्हतं
आणि तिला मी अजून विचारलेलं नाही.