उरलेलं रक्त

सोमवार, गरोदर बायांचा वार.
बाकावर अकरा जणी, भिंतीला टेकून चार.
एकीच्या पिशवीतून वांग्याची देठं डोकावताहेत,
इथून तिला थेट बाजारात बसायचंय.
मी सुईचं पाकीट फाडतो.
"काऊन जी, येवढं रगत कायले लागते?"
एक चमचा बाई, जास्त नाही.
"मंग चमच्यानंच घ्या न," म्हणते शेवंता पेंदोर,
आणि अख्खा बाक हसतो.

नळीवर नाव असतं.
हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर,
आणि सिफिलिस. जुने लोक गरमी म्हणायचे,
आता गावात नुसतंच "ते".
पांढऱ्या कार्डावर रक्तावरच्या पाण्याचा थेंब,
शेजारी कोळशाची पूड घातलेला थेंब,
आठ मिनिटं गोल फिरवायचं.
फिरवायचं यंत्र मार्चपासून बंद आहे,
मी मनगटानं फिरवतो,
खडे बघत सूप हलवावं तसं.
राखाडी राहिलं तर बरं.
काळे कण एकमेकांना शोधत गोळा झाले
तर आशाताईंना फोन:
नवऱ्यालाही आणा, सुई दोघांना आहे.

हे झालं नावाचं काम.
नळीत मग उरतं ते फिकट पिवळं,
डाळीच्या वरच्या पाण्यासारखं.
ते मी चिमुकल्या कुपीत ओततो.
कुपीवर नाव नाही, गाव नाही,
फक्त आकडा.
तीन महिने, ओळीनं चारशे जणी,
कुणाला वगळायचं नाही, कुणाला निवडायचं नाही.
बर्फाच्या डब्यातून बुधवारच्या एस.टी.नं नागपूर.
तिथं एचआयव्ही पाहतात.

उत्तर परत येत नाही.
येऊच नये असा नियम आहे, आणि नियम बरोबर आहे,
प्रशिक्षणात साहेबांनी फळ्यावर विहीर काढून दाखवली होती:
आपण पाण्याची पातळी मोजतो,
घागर कुणाची, ते विचारत नाही.

पण मला आकडे विसरता येत नाहीत.
गेल्या वर्षीची दोनशे सतरा:
डाव्या हातावर गोंदलेला विंचू,
शीर सापडली नेमकी नांगीपाशी.
वय एकोणीस, ती म्हणाली. बावीस, आई म्हणाली.
मी मुलीचं लिहिलं.
नवऱ्याच्या रकान्यात: ट्रक, हैदराबाद रोड.
तिच्या कार्डावर काळे कण जमले.
तीन आठवडे तीन सुया, ती तिन्ही वेळा आली,
नवरा एकदाच,
बाहेर क्लीनर हॉर्न वाजवत होता.
त्या आजाराला नाव होतं,
म्हणून त्याचं दार वाजवता आलं.
दुसरा असेल, नसेल,
त्याच नळीतून निघाला
आणि दोनशे सतरा होऊन बसमध्ये चढला.

पोळ्याच्या आसपास अहवाल आला.
आमच्या केंद्रापुढे: शून्य दशांश सात पाच.
मी कॅल्क्युलेटरवर उलटा हिशेब केला.
तसं करा असं कुठं लिहिलेलं नाही,
करू नका असंही नाही.
चारशेत तीन.

तीन टक्क्यांत बसत नाहीत,
तीन म्हणजे तिघी.
माझ्याकडे हात पुढे करून
दुसरीकडे बघत बसलेल्या तिघी.
कोण, हे नागपूरला माहीत नाही,
मला माहीत नाही,
त्यांना तर नाहीच नाही.
त्या रात्री मी विंचू धरून सगळे हात आठवून पाहिले.
बांगड्यांच्या पुढे जाता आलं नाही.

म्हणून यंदा कापूस दाबून धरताना
प्रत्येकीला सांगतो, पहिलीपासून,
अजून पाठ झालेलं नाही, दरवेळी शब्द अडतात:
त्या पाच नंबरच्या खोलीतही जाऊन या.
तिथं नाव विचारतात. सांगा.
तिथलं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळतं.

कुणी जाते. कुणी मान हलवते
आणि दारापर्यंत पोचेस्तोवर विसरते.
शेवंता दंड चोळत विचारते,
"तिथं चमचा लागते का बादली?"
थेंबच लागतो.
ती माझ्या टेबलाखाली पिशवी सरकवते.
"वांगे पायजा जी,
मी येतो."